हात कोणाचा, मंडळी कोणाची?

राज्यात धर्मांतरविरोधी कायद्याची चर्चा सुरू झाल्यापासून एक ठरीव वाक्य पुन्हा चलनात आलं आहे : चर्च म्हणजे इंग्रज जाताना विसरून गेलेलं सामान. हे बोलणाऱ्याला पुरावा हवा असेल तर ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाच्या परिसरातलं सेंट जेम्स चर्च तयारच आहे. गंमत अशी, की परंपरानिष्ठ अँग्लिकनांतले काही जणही तेच वाक्य आदराने उच्चारतात. त्यांच्या मते खरा अँग्लिकन पंथ इंग्रजी प्रार्थनापुस्तकाबरोबर गेला आणि १९७० च्या चर्च-ऐक्यानंतर उरली ती मिसळ. एकाला हाकलायचं आहे, दुसऱ्याला हळहळायचं आहे. पण ही मंडळी मराठी माणसाची नव्हेच, यावर दोघांचं एकमत आहे. वाद घालायचा तो या एकमताशी.

आधी प्रतिपक्षाचं जे खरं आहे ते देऊन टाकावं. सेंट जेम्सचं समर्पण जुलै १८२५ मध्ये रेजिनाल्ड हेबर या बिशपने केलं. हे गृहस्थ कलकत्त्याचे बिशप, आणि तेव्हाचं त्यांचं कार्यक्षेत्र ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सपर्यंत पोचलेलं. कागदोपत्री ठाणं आणि सिडनी एकाच धर्मप्रांतात! हेबरनी आपल्या प्रवासवर्णनात ठाण्याची वस्ती मुख्यतः रोमन कॅथलिक असल्याचं लिहिलं, तिथल्या खारवलेल्या डुकराच्या मांसाची ख्याती नोंदवली आणि ठाण्याच्या किल्ल्यातून १८१६ मध्ये निसटलेल्या त्रिंबकजी डेंगळ्यांची गोष्ट रंगवून सांगितली. मोतद्दाराने किल्ल्याबाहेर गाणं म्हणत सुटकेचा निरोप आत पोचवला, अशी ती आख्यायिका. पुढे चुनारच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या डेंगळ्यांना हेबरनी स्वतः पाहिलंही होतं.

ठाण्याला ख्रिस्ती धर्म हेबरनी आणला, असं मात्र कोणी समजू नये. चार फ्रान्सिस्कन साधू इथे १३२१ मध्ये मारले गेले. नंतर पोर्तुगीज आले, मासुंदा तलावाच्या काठचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आलं. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ मध्ये ठाणं मराठ्यांकडे आलं, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतलं, तरी कॅथलिक वस्ती जागची हलली नाही. सेंट जेम्स या वस्तीसाठी बांधलंच नव्हतं. ते कलेक्टर, जज्ज आणि शिबंदीवरच्या अंमलदारांसाठी होतं. धर्मगुरू कंपनीच्या पगारावर. त्याला रजा, बढती, पेन्शन सगळं लागू. पगार निघायचा हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे ज्या रयतेला त्या चर्चशी काडीचं देणंघेणं नव्हतं तिच्याही खिशातून. याला मंडळी म्हणण्यापेक्षा सरकारी खातं म्हटलेलं बरं. ‘विसरलेलं सामान’वाल्यांचा मुद्दा इथवर बिनतोड आहे.

तो कोलमडतो १९३० मध्ये. १९२७ च्या इंडियन चर्च ॲक्टनुसार त्या वर्षी हिंदुस्थानातलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं झालं. स्वातंत्र्य आलं, अंमलदार गेले आणि धर्मखात्याला मिळणारा सरकारी पैसाही थांबला. सामान खरोखरच विसरलेलं असतं तर तेव्हाच त्याला कुलूप लागलं असतं. पण छपराची कौलं कोणी बदलायची, हा प्रश्न पहिल्यांदाच बाकांवर बसणाऱ्यांसमोर आला. मंडळी जन्मते ती अशा प्रश्नातून.

बाकांवर तोवर वेगळीच माणसं बसू लागली होती. बोरीबंदरहून १८५३ मध्ये ठाण्याला आलेली रेल्वे पुढच्या वर्षी कल्याणला पोचली, आणि तिच्यामागून आली नोकरदार माणसं : गार्ड, कारकून, नर्सा, शाळामास्तर. नगर, जालना, सोलापूरकडच्या मराठी ख्रिस्ती घरांतला माणूस कोणत्या पंथाचा, हे पुष्कळदा धर्मशास्त्राने ठरत नसे. त्याच्या आजोबांच्या गावात कोणतं मिशन आधी पोचलं, यावर ते ठरे. नगरला अमेरिकन मराठी मिशन, जालन्याला स्कॉटिश, कुठे अँग्लिकन एस.पी.जी. एकदा कल्याणात बिऱ्हाड केलं की मुलाचा बाप्तिस्मा आणि म्हातारीचं दफन जवळच्या चर्चमध्येच व्हायचं. ना. वा. टिळकांची पदं आज पंथ न विचारता ‘उपासना संगीत’मधून गायली जातात, आणि टिळक स्वतः अमेरिकन मिशनचे.

नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेचं संयुक्त चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट असे सहा प्रवाह मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. एवढं थोरलं ऐक्य, पण लोकांच्या रोजच्या जगण्याला त्यात फारसं नवं काही नव्हतं. अमेरिकन परंपरेचं मोठं मेथडिस्ट चर्च शेवटच्या क्षणी बाजूला झालं, तो रुसवाफुगवा सोडून देऊ.

त्या दिवशीचा एक विधी मात्र जवळून पाहण्यासारखा आहे. वेगवेगळ्या पंथांच्या धर्मगुरूंनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले. ज्याला बिशपच्या हातून दीक्षा मिळाली होती त्याच्याही डोक्यावर, आणि ज्याच्या पंथात बिशप हे पदच नव्हतं त्याच्याही. ही पुनर्दीक्षा होती की नव्हती? उत्तर जाणूनबुजून दिलं गेलं नाही. प्रत्येकात जे उणं असेल ते देवाने भरून काढावं, अशा आशयाची प्रार्थना झाली. कोणात काय उणं, हे देवावर सोपवलं. दक्षिणेत १९४७ च्या ऐक्यावेळी जुने धर्मगुरू होते तसेच स्वीकारले होते. त्यावरून इंग्लंडच्या चर्चने बराच काळ हात आखडता घेतला. त्या ठेचेतून आलेलं हे शहाणपण.

परंपरावाद्यांना ही पळवाट वाटली. त्यांची टिंगल सोपी आहे, आणि पुष्कळांनी ती केलीही आहे : प्रेषितांपासून बिशपांच्या हातांची अखंड साखळी, हे कसलं इंग्रजी खूळ? आपल्या मातीत ते कुठून आलं?

टिंगल करणाऱ्यांनी नेहेम्या गोरे वाचावेत. नीळकंठशास्त्री गोरे सेंट जेम्सच्याच वर्षी, १८२५ मध्ये, झाशीजवळ एका चित्पावन कुटुंबात जन्मले आणि काशीत शास्त्रं शिकले. विशीतच त्यांनी जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षे’ला ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हे संस्कृत उत्तर लिहिलं. मिशनऱ्यांना हरवायला निघालेला हा शास्त्री वाद घालता घालता १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन बसला. पुढे ‘षड्दर्शन दर्पण’ लिहिलं, सहा दर्शनांची झाडाझडती घेतली. पण ख्रिस्ती झाल्यावर हा माणूस स्वस्थ बसला, असं नाही. मला दीक्षा देणाऱ्याला ती देण्याचा अधिकार कोणी दिला, या प्रश्नाने त्यांना सोडलं नाही. उत्तर शोधत ते अँग्लिकनांतल्या उच्च परंपरेकडे, काऊली फादर्स या ऑक्सफर्डच्या साधुसंघाकडे गेले. १८७० मध्ये त्यांना पूर्ण दीक्षा मिळाली, पण संघाची अखेरची शपथ त्यांनी घेतली नाही. शंका आणि शिस्त एकाच अंगरख्यात बाळगून ते १८९५ मध्ये मुंबईत वारले.

गोऱ्यांना हे खूळ ऑक्सफर्डने लावलं म्हणणं म्हणजे काशीचा अपमान आहे. मंत्र पुस्तकातून घेतला तर तो मंत्र होत नाही, गुरूच्या मुखातून यावा लागतो, हे ज्याने लहानपणी ऐकलं, त्याला हातांच्या साखळीचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. खुद्द हेबरनी १८२५ मध्येच अब्दुल मसीह या हिंदी ख्रिस्ती उपदेशकांना दीक्षा दिली, आणि मसीहांना लुथरन दीक्षा आधीच मिळालेली होती. म्हणजे नागपूरचा पेच दीडशे वर्षांचा, आणि तो पहिल्यांदा अंगावर घेणाऱ्यांत हिंदी माणूसच होता.

इथे ऐक्यवाद्यांची बाजू जरा लंगडी पडते. परंपरावादी मंडळी हटवादी असेल, पण तिचा प्रश्न क्षुल्लक नाही आणि परका तर मुळीच नाही.

मात्र त्याच अँग्लिकन घरात पंडिता रमाबाईही होत्या. गोऱ्यांच्या लेखनाचा त्यांच्या निर्णयावर परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी बिशपांचा आणि पंथाच्या मतपत्रिकांचा अधिकार निमूट मानायला साफ नकार दिला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटलेल्या बाईला दुसरं नको होतं. ही पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये छापली. अधिकाराच्या बाजूने गोरे, विरोधात रमाबाई : अँग्लिकन धर्मशास्त्रातला मुख्य वाद दोन चित्पावन माणसांनी लढवून दाखवला. तरी म्हणे परकं सामान!

आणि हा वाद चर्चच्या भिंतीआड राहिला असंही नाही. पुण्याच्या अँग्लिकन पंचहौद मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये हिंदू पाहुण्यांना चहा दिला गेला. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं फोडली, प्रकरण शंकराचार्यांच्या दरबारी गेलं आणि लोकमान्य टिळक आणि रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली. चहाच्या कपावरूनही शेवटी विचारलं गेलं ते हेच : शुद्ध कोण, आणि ते ठरवणार कोण?

ऐक्याची खरी चूक वेदीपाशी झाली नाही, दप्तरात झाली. गुजरातमधल्या ब्रदरेन चर्चच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं, की विलीनीकरणाचा नुसता ठराव केल्याने नोंदणीकृत संस्था विसर्जित होत नाही आणि तिची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही. तो निकाल ज्या १९५० च्या विश्वस्त कायद्याभोवती फिरला, तोच महाराष्ट्रातही लागू आहे. कोणात काय उणं ते देवावर सोडता येतं. सात-बारा आणि विश्वस्तपत्रं सोडता येत नाहीत. कोर्टातल्या वकिलांना हे कळतं, ऐक्याचं कौतुक करणाऱ्या लेखांत त्याचा उल्लेखही नसतो.

म्हणून निवाडा असा : उपासनेत ऐक्यवाले बरोबर, प्रश्न विचारण्यात परंपरावादी बरोबर, आणि ‘सामान’वाले दोन्हीकडून चूक. आज डोंबिवलीत केरळी मार्थोमा कुटुंबं आहेत. त्यांचं चर्च एकोणिसाव्या शतकात अँग्लिकन मिशनऱ्यांच्या संपर्कातून सुधारलं आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाशी त्याचा पूर्ण सहभाग आहे. त्यांना आणि ठाण्या-कल्याणच्या मराठी मंडळींना इतिहास सांगताना कलेक्टरपाशी सुरू करून कलेक्टरपाशीच थांबण्याचं कारण नाही.

ज्यांच्या घरात या भागातल्या मंडळींचे बाप्तिस्म्याचे दाखले, पंचसभेची मराठी इतिवृत्तं, जुनी प्रार्थनापुस्तकं किंवा पाळकांची पत्रं असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. नकला काढाव्यात, एक प्रत मंडळीच्या दप्तरात आणि एक जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात द्यावी. सेंट जेम्सची दोनशे वर्षं २०२५ मध्ये पूर्ण झाली. त्यातली पहिली शंभर वर्षं इंग्रजांनी लिहून ठेवली आहेत. पुढची मराठीत लिहायची बाकी आहेत.