रथ, नाम आणि जुनी पाटी

आसाला रथ म्हणावे, चाकांना म्हणावे की जोखडाला, असे बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला विचारले, तेव्हा या अवयवांच्या आश्रयाने प्रचलित झालेली 'रथ' ही केवळ व्यावहारिक संज्ञा आहे, हे राजालाच कबूल करावे लागले. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींची नोंद करताना हाच प्रश्न आज परिवहन खात्याच्या दप्तरात उपस्थित होतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीची चासी, सांगाडा वा इंजिन यांत भरीव फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीस 'व्हीए' मालिकेतील क्रमांक मिळतो, मात्र पूर्वी नोंदलेल्या गाडीस आपला जुना क्रमांक राखण्याची मुभा आहे.

ही मुभा मला फार मोलाची वाटते. मुंबई इलाख्यातील, 'बीएम' अक्षरांनी आरंभ होणारी एखादी काळी पाटी गंज खरवडून, अस्तर देऊन, पांढऱ्या अक्षरांच्या पुसट कडा शोधीत कारागीर पुन्हा रंगवितो, तेव्हा मूळ रंग बहुधा उरत नाही. तरीही ती खोटी ठरत नाही, कारण तिचे सत्य नोंदवहीतील अखंड परंपरेत असते. याउलट परक्या गाडीची अस्सल पाटी हौसेखातर लावणे हे असत्यच होय. नागसेनाचे विश्लेषण मला मान्य आहे. परंतु नाम व्यावहारिक, म्हणून ते स्वैर, हे अनुमान मी स्वीकारीत नाही, कारण खरेदीखत करणारा, कर भरणारा आणि अपघाताचा जाब देणारा प्रत्येक मालक त्या नामालाच बांधलेला असतो.