वीतभर ओढणी

आमच्या शाळेत आठवीपासून मुलींना पंजाबी ड्रेस होता. आकाशी कुर्ता, पांढरी सलवार, पांढरी ओढणी. ओढणीची घडी करून दोन्ही खांद्यांवर पिना लावायच्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात मी त्या शाळेत मराठी शिकवत होते. आमच्या मुस्लिम मोहल्ल्यातल्या मुली तीच ओढणी घडी मोडून डोक्यावरून घ्यायच्या. कापड तेच, रंग तोच, आणलेलीही एकाच दुकानातून. वर्षानुवर्षं त्यावर कुणी काही बोललं नव्हतं.

वीसेक वर्षांपूर्वी एका जून महिन्यात सूचना निघाली की ओढणी खांद्यावरच हवी, सगळ्या मुली सारख्या दिसल्या पाहिजेत. सूचनेची वही स्टाफरूममध्ये फिरली. सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. हे आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्याचा विचार मी त्या सहीपासूनच करत आले आहे.

नववीत एक मुलगी होती. व्याकरणात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रयोग ओळखा म्हटलं की माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा हात वर असायचा. तिला फाटकापाशी ओढणी खाली घ्यायला सांगितलं, तिने घेतली. मी वर्गात गेले तेव्हा ती सारखा डावा हात मानेवर ठेवत होती, तिथे गार वारा लागत असावा तसा. त्या तासाला मी प्रयोगच शिकवत होते. तिने एकदाही हात वर केला नाही. आठवडाभर आली, मग यायची बंद झाली.

मी घरी गेले. वडील जहाजावर नोकरीला, घरात आजोबांचा शब्द. ते पडवीत बसले होते. म्हणाले, "बाई, आम्ही तिला शाळेतून काढलेलं नाही. तुम्ही काढलंत." मला उत्तर सुचलं नाही. माजघराच्या दारात ती उभी होती. मी आजोबांची समजूत घालत राहिले, आजोबा मला सुनावत राहिले. तुला काय हवंय, हे मी तिला विचारलं नाही. त्यांनीही नाही.

आता दुसरी गोष्ट, माझ्या घरातली. माझी मुलगी तेरा वर्षांची असताना माझा भाऊ कुवेतहून रजेवर आला. तिच्यासाठी त्याने काळा अबाया आणि स्कार्फ आणला होता. घरात लग्न होतं. मुलगी म्हणाली, मला गुदमरतं, मी नाही घालणार. मी म्हटलं, मामूने हौसेने आणलंय, चार लोक काय म्हणतील. तिला आरशासमोर उभी केली आणि हनुवटीखाली टाचणी लावायला गेले. ती हलली, टाचणी टोचली. मानेवर रक्ताचा एक ठिपका आला, मोहरीएवढा. मी तो माझ्या पदराने पुसला आणि टाचणी पुन्हा लावली.

लग्नाहून परत आल्यावर तिने विचारलं, "आई, हे तू अल्लासाठी घातलंस की मामूसाठी?"

मी स्वतः डोकं झाकते. ते फर्ज, म्हणजे बंधनकारक कर्तव्य, आहे असंच मी मानते. पदर गेला, ओढणी आली, पण उघड्या डोक्याने मी उंबऱ्याबाहेर पडलेले नाही. तरीही कुणी विचारलं की डोकं झाकणं सक्तीचं असावं का, तर माझं उत्तर "नाही" आहे. आणि झाकण्यावर बंदी असावी का, तर तिथेही "नाही". हे ऐकून आमच्यातले काही म्हणतात, फर्ज मानता तर सक्ती का नको? या प्रश्नाला मी बरीच वर्षं अडखळत उत्तर देत होते.

कुरआनातल्या सूरह नूरच्या 30व्या आयतीत आधी पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगितलं आहे. 31व्या आयतीत बायकांना तेच सांगून पुढे खिमार छातीवर ओढून घ्यायला सांगितलं आहे. खिमार म्हणजे डोक्यावरचं कापड, जे त्या काळच्या बायका घेतच होत्या. हिजाब हा शब्द 33व्या सूरहच्या 53व्या आयतीत येतो तो दारावरच्या पडद्याच्या अर्थाने, पैगंबरांच्या घरात वावरताना पाळायच्या अदबीबद्दल. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. शाफईच नव्हे, चारही सुन्नी मजहबांचे इमाम परक्या पुरुषासमोर बाईने केस झाकावेत असंच सांगत आले आहेत. वाद राहिला तो चेहऱ्याचा. मोरोक्कोच्या फातिमा मेर्निसी यांच्यासारख्या विदुषींनी या आयतींचा वेगळा अर्थ लावला. तो मी वाचला, आदराने वाचला, आणि तरी डोकं झाकत राहिले. चोरी, व्यभिचार, बाईवर खोटा आळ घेणं, यांना कुरआनात शिक्षा सांगितलेली आहे. उघड्या केसांना या जगातली कोणतीही शिक्षा सांगितलेली नाही. हे मी कितीदा तरी पडताळून पाहिलं आहे.

सूरह बकराच्या 256व्या आयतीत दीनमध्ये, म्हणजे धर्मात, सक्तीला जागा ठेवलेली नाही. मौलाना म्हणतात, ते दुसऱ्याला मुसलमान करण्याबद्दल आहे, जे आधीच आत आहेत त्यांना नियम लागू. ठीक. त्यांचं मान्य करू. पण मग रोजाकडे बघा.

रमजानमध्ये दुपारी जोहरच्या नमाजेआधी मी वजू करते. रमजान कोकणातल्या एप्रिल-मेत आला की घशाला कोरड पडलेली असते. वजूत चूळ भरायची असते. ओंजळीतलं पाणी तोंडात जातं, गार, गोड, विहिरीचं. त्या क्षणी एक घोट आत उतरला तर कुणालाही कळणार नाही. न्हाणीत मी एकटी असते. पन्नासेक वर्षं मी ते पाणी थुंकत आले आहे. रोजा फर्ज आहे, आणि तरीही पाणी तोंडात माझ्याच हाताने जातं आणि बाहेरही मीच टाकते. अल्लाने माझ्या तोंडावर पहारेकरी बसवलेला नाही. गळ्यावर पहारा बसवला असता तर मी उपाशी राहिले असते, रोजा झाला नसता.

अमल, म्हणजे कृती, नियतीवर, म्हणजे हेतूवर, ठरतात, हे आम्ही लहानपणी मदरशात पहिल्यांदा शिकलो. टाचणी मी लावली, तेव्हा नियत माझी होती, आणि तीही लोकांसाठी. माझ्या मुलीच्या खात्यावर त्या दिवशी काय जमा झालं? माझ्या समजुतीप्रमाणे काहीच नाही. गुदमरणं तेवढं जमा झालं. मुलीला नमाजला उठवत नाही का, असं विचारतात. उठवते. हाक मारते, दोनदा मारते, माझा रोजा आणि माझी नमाज तिला दिसू देते. शिकवणं आईचं काम आहेच. पण शिकवण एका वयाला संपते, आणि त्यापुढे आपण फक्त आपली अब्रू तिच्या डोक्यावर गुंडाळत असतो.

माझ्या आजीच्या डोक्यावर लुगड्याचा पदर असे. परगावी जायचं तर वरून एक पांढरी चादर. शेजारच्या वाडीतल्या हिंदू बायकांच्या डोक्यावरही पदर होता, पाणवठ्यावर सगळ्या सारख्याच दिसत. 1970 नंतर आमची माणसं आखातात जाऊ लागली, आणि तिकडच्या ट्रंकांतून सेंट, ब्लँकेटं आणि काळे अबाये गावात आले. अबाया आला याचं मला दुःख नाही, बऱ्याच जणींना तो सोयीचा वाटतो आणि त्यांचा तो हक्क आहे. पण आजीची चादर अपुरी होती, तिचा दीन कच्चा होता, असं कुणी बयानात सुचवलं की मला राग येतो. हजला गेले तेव्हा मी इंडोनेशियाच्या बायका डोक्यावरच्या पांढऱ्या मकन्यात पाहिल्या, आफ्रिकेतल्या बायका पिवळ्याजर्द आणि निळ्या कापडांत. एहरामात, म्हणजे हजच्या पवित्र अवस्थेत, बाईने नकाब लावायचा नसतो. काबागृहाभोवती सगळ्या चेहरे उघडे ठेवून फिरत होतो.

सक्तीने काय होतं हे बघायचं तर इराणकडे बघावं, कारण तिथे दोन्ही तऱ्हा एकाच शतकात झाल्या. जानेवारी 1936 मध्ये रझा शाहने बायकांच्या पडद्यावर बंदी घातली. शिपाई रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून चादर ओढून काढत. किती तरी बायकांनी घराबाहेर पाऊल टाकणंच सोडलं. मग क्रांती झाली. मार्च 1979 मध्ये क्रांतीचे नेते खोमेनी यांनी सरकारी कचेऱ्यांत येणाऱ्या बायकांनी हिजाब घ्यावा असं सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी, 8 मार्चला, महिला दिनी, तेहरानच्या रस्त्यांवर हजारो बायका विरोधात उतरल्या. त्यांचं कुणी ऐकलं नाही. 1983 मध्ये कायद्यात उघड्या डोक्याला 74 फटक्यांची शिक्षा आली. कुरआनात जी नाही ती शिक्षा इस्लामच्या नावाने लिहिली गेली. तेहरानमध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना बेशुद्ध पडलेली 22 वर्षांची महसा अमिनी 16 सप्टेंबर 2022 रोजी मेली. हिजाब नीट नव्हता म्हणून तिला पकडलं होतं. 1936 च्या शिपायाने चादर ओढली, 2022 च्या शिपायाने ओढणी सरळ केली. माझ्या लेखी ते दोघं एकच काम करत होते.

त्याच वर्षी आपल्याकडे कर्नाटकाचा खटला चालू होता. उडुपीच्या सरकारी कॉलेजातल्या हिजाब घेणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर ठेवलं गेलं. त्या मुली म्हणत होत्या, गणवेशाच्याच रंगाची ओढणी डोक्यावर घेऊ. म्हणजे आमच्या शाळेतली तीच वीतभर ओढणी. 15 मार्च 2022 ला उच्च न्यायालयाने सांगितलं की हिजाब ही इस्लाममधली अत्यावश्यक धार्मिक प्रथा नाही. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. माझ्या दीनमध्ये अत्यावश्यक काय, हे मौलानांनी माझ्यासाठी ठरवलेलं मला चालत नाही, ते न्यायाधीशांनी ठरवलेलंही चालणार नाही. 13 ऑक्टोबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांनी बंदी योग्य मानली. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी अत्यावश्यक प्रथेची चर्चा बाजूला ठेवली आणि हा मुलीच्या निवडीचा प्रश्न आहे असं लिहिलं. मुलींना शाळेपर्यंत पोचायला आधीच किती अडचणी असतात, याची आठवण त्यांनी दिली. तो निकाल मी प्रिंट काढून वाचला. मला पडवीतले आजोबा आठवले आणि दारातली ती.

पण निवड हा शब्द आपण फार सहज वापरतो. मुलगी म्हणते, मी माझ्या मर्जीने घेते. खरंच असेल. ते ओळखायची माझी एक साधी रीत आहे. तिने उलट केलं तर काय होईल, ते बघायचं. ओढणी काढली तर घरात जेवायला बसताना कुणी तोंड फिरवेल का? सोयरीक मोडेल का? कॉलेजचं नाव कापलं जाईल का? आणि ओढणी घेतली तर फाटक बंद होईल का, मुलाखतीतून परत पाठवतील का? या प्रश्नांचं उत्तर "हो" असेल, तर तिने काय निवडलं हे आपल्याला कळायचा मार्गच उरत नाही.

माझी मुलगी आज पुण्यात नोकरी करते. डोकं झाकत नाही, पाचही वक्त नमाज पढते. घरी येते तेव्हा आम्ही दोघी शेजारी शेजारी मुसल्ला घालतो. नमाजेपुरती ती मकना बांधते, टाचणी न लावता, गाठ मारून. तो ठिपका तिला आठवतो की नाही हे मी विचारलेलं नाही. माफी मात्र मागितली आहे.

मुख्याध्यापकांना, जमातीतल्या वडीलधाऱ्यांना आणि माझ्यासारख्या आयांना माझी विनंती आहे. दारात उभ्या असलेल्या मुलीला आधी विचारा. आणि तिचं उत्तर काहीही असलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर्गात असेल एवढं बघा.

मी त्या वेळी बघितलं नाही. दोन वर्षांनी जूनमध्ये दहावीच्या निकालाची यादी फळ्यावर लागली तेव्हा मी ती दोनदा वाचली. तिचं नाव त्यात नव्हतं.