रोजचा वायदा

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी उसन्या ८० रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या लिज्जतची कामाची पद्धत सरळ आहे. सकाळी शाखेतून मळलेलं पीठ घ्यायचं, घरी पापड लाटायचे, वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचे. तिथे पापड नजरेखालून जातात, वजन होतं, मजुरी मिळते आणि नवं पीठ पदरात पडतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, पुण्याच्या हिंजवडीतली ऑफिसं घराघरांत शिरली, तेव्हा ‘वर्क फ्रॉम होम’ म्हणजे काही आक्रीत असल्यासारखी चर्चा झाली. पापड लाटणाऱ्या बायका आणि सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका पिढ्यानपिढ्या हेच करत आल्या आहेत.

त्यांच्यामागे पोटाची निकड असते, हे खरंच. पण कामाची घडणही बघण्यासारखी आहे. आज किती करायचं ते सकाळीच ठरलेलं, उद्या कुणापुढे ठेवायचं तेही ठरलेलं, आणि मळलेलं पीठ फार वेळ थांबत नाही. लॅपटॉपवर येणाऱ्या कामाला यातलं काहीच नसतं. ‘महिनाअखेरपर्यंत अहवाल द्या’ एवढाच निरोप येतो.

मग कोथरूडमधल्या एखाद्या फ्लॅटमध्ये सकाळी दहाला जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडतो. फाइल उघडते, शीर्षक टाइप होतं. पहिलं वाक्य सुचत नाही, म्हणून मेल बघितली जाते. चहा ठेवताना शेगडीमागचा तेलकट डाग दिसतो, तो घासता घासता अख्खा ओटा लख्ख होतो. मसाल्याच्या डब्यात मोहरी संपत आलेली असते, ती भरली जाते. साडेअकरा वाजतात. चालढकल करणारा माणूस बहुधा रिकामा बसलेला नसतोच. तो राबत असतो. फक्त जे करायला हवं ते सोडून.

याला आळस म्हणणं सोपं आहे, आणि चूक आहे. आळशी माणसाला न केलेल्या कामाचा घोर नसतो; चालढकल करणाऱ्याला तो दिवसभर पोखरतो. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये या विषयावरच्या शेकडो अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला. उशीर केल्याने आपलंच नुकसान होणार हे माहीत असूनही ठरवलेलं काम आपणहून लांबवणं, अशी त्यांची व्याख्या आहे. काम नकोसं असेल आणि त्याचं फळ लांब असेल, तर ते पुढे ढकललं जाण्याची शक्यता वाढते, असं त्यांना आढळलं. मानसशास्त्रज्ञ फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ मध्ये आणखी नेमकं बोट ठेवलं: माणूस कामापेक्षा त्या कामाने मनात उठणारी धास्ती, कंटाळा, ‘जमेल का’ ही शंका टाळत असतो. ओटा घासताना ती शंका गप्प बसते. वेळापत्रकाची ॲप्स यावर फारशी चालत नाहीत ती यामुळेच.

घरातून काम होतच नाही, असंही नाही. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत २०१०-११ मध्ये स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला. घरी बसवलेल्या कॉल सेंटर कर्मचाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. हा आकडा घरून काम करण्याच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो. पण ते काम कसलं होतं, हे सांगायचं राहून जातं. फोन आपणहून वाजतो, तो उचलावा लागतो, प्रत्येकाची नोंद होते. पापडाच्या पिठासारखंच ते काम दारी येतं. पुढे निवड खुली झाल्यावर त्यातले अनेक जण एकटेपणाला कंटाळून ऑफिसात परतले.

अहवाल किंवा अनुवाद आपणहून वाजत नाही, म्हणून त्याचा वायदा हाताने बांधावा लागतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी नाताळची पूर्वसंध्या कशी घालवली ते ४८ तासांत लिहून पाठवायचं होतं. कधी आणि कुठे बसून लिहू हे ज्यांच्याकडून आधीच ठरवून घेतलं, त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी ते वेळेत पाठवलं. बाकीच्यांत हे प्रमाण एक तृतीयांशच होतं. ‘उद्या लिहीन’ आणि ‘उद्या पोळीभाजी झाली की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पहिली दोन पानं लिहीन’ यांतलं अंतर एवढं मोठं आहे. त्या दोन पानांची संध्याकाळी वाट बघणारं कुणी असेल, सहकारी, मैत्रीण, संपादक, तर शाखेतल्या वजनकाट्याचं कामही भागतं.

एक दिवस वाया गेलाच, तर स्वतःला झोडपण्याने दुसरा दिवस सुधारत नाही. ओटावाच्या कार्लटन विद्यापीठातल्या २०१० च्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधीच्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी ती कमी केली.

यातलं काहीच लागू पडत नाही अशी एक जागा मात्र आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्यांपैकी बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. घरून नोकरी करणाऱ्या बाईचा अहवाल रखडतो तेव्हा बहुतेकदा तिने तो टाळलेला नसतो. कुकरने, सासऱ्यांच्या औषधाने, दारावरच्या कुरिअरने तो तिच्या हातून काढून घेतलेला असतो. तिला शिस्तीचे धडे देणं अन्यायाचं आहे. रोज दोन तास तिच्या खोलीचं दार बंद राहील आणि बेल वाजली तर दुसरं कुणी उठेल, एवढं घरातल्यांनी ठरवायला हवं.