शेजारच्या बाकावरचा माणूस

अमेरिकेत रायफल चालवणारे बरेच लोक आपली काडतुसं घरीच भरतात. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उचलून आणायची, साच्यात दाबून मापावर आणायची, जुना प्राइमर काढून नवा बसवायचा, तोलून दारू ओतायची आणि तोंडाशी गोळी बसवायची. स्वतःपुरतं करायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. आपल्याकडे हे काम वरणगाव किंवा खडकीच्या सरकारी कारखान्यातलं. कुणी परवान्याशिवाय घरी करू म्हटलं तर १९५९चा शस्त्र कायदा आडवा येतो. मला बंदुकांचं प्रेम नाही, आणि हा छंद चांगला की वाईट हा वादही इथे नको. ओहायोतला माझा एक सहकारी हा उद्योग करतो, आणि त्याच्याकडून ऐकताना एक नैतिक प्रश्न मला चिकटला तो अजून सुटलेला नाही.

आधी थोडं यंत्राबद्दल. जुन्या पद्धतीच्या बोल्ट-ॲक्शन रायफलमध्ये प्रत्येक गोळीनंतर माणूस हाताने बोल्ट मागे ओढतो, पुढे ढकलतो. पुंगळी जरा फुगलेली असेल तर बोल्ट अडतो आणि ते हाताला कळतं. मागच्या बाराचा आवाज नेहमीसारखा आला नाही, गोळी नळीतच अडकली असेल अशी शंका आली, तर थांबायला उसंत मिळते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हा हातच काढून टाकलेला आहे. १९३६मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेली एम-१ गॅरंड घ्या किंवा आजची एआर-१५: चाप प्रत्येक वेळी ओढावा लागतो, पण पुढचं काडतूस चेंबरमध्ये यंत्र स्वतः आदळतं. दोन्हींत फायरिंग पिनला मागे धरून ठेवणारी स्प्रिंग नाही. बोल्ट पुढे आपटला की पिनही पुढे सरकते आणि प्राइमरला हलकीशी टिचकी मारते. न झाडलेल्या काडतुसावरही तो बारीक खळगा दिसतो. एरवी त्याने काही होत नाही. पण प्राइमर किंचित वर राहिला असेल, किंवा फार संवेदनशील असेल, तर चाप न ओढताच बार उडू शकतो. पुंगळी पुरती मापात नसेल आणि बोल्ट नीट बंद व्हायच्या आत तो उडाला, तर तप्त वायू आणि पितळेचे तुकडे नको तिथून बाहेर पडतात. म्हणून सेमी-ऑटोसाठी भरणारे पुंगळी पूर्ण लांबीची मापात आणतात, प्राइमर पृष्ठभागाच्या किंचित खाली बसलाय ना हे बोट फिरवून पाहतात, आणि सैन्याच्या काडतुसांत असतात तसे जरा कमी हळवे प्राइमर वापरतात.

म्हणजे बार उडण्याच्या क्षणी जी तपासणी हात करायचा, ती आता आठवडाभर आधी, गॅरेजमधल्या टेबलापाशी करावी लागते. जबाबदारी तेवढीच राहिली, ती फक्त मागे सरकली. आमच्या धंद्यातही हेच झालंय. कोड आपोआप सर्व्हरवर चढायला लागला तेव्हापासून 'शेवटी कुणीतरी बघेलच' हा आधार गेला. फरक एवढाच की आम्हाला आधीच्या आवृत्तीवर परत जाता येतं.

इंग्लिश गणिती आणि तत्त्वज्ञ विल्यम क्लिफर्ड याने १८७७च्या एका निबंधात एका जहाजमालकाची गोष्ट रचली आहे. जहाज जुनं, डागडुजी झालेलं. मालकाच्या मनात शंका येते, पण इतक्या सफरी नीट झाल्या, हीही होईल, असं तो स्वतःला पटवतो आणि प्रामाणिक विश्वासाने जहाज सोडतो. ते बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, मालक दोषी आहे. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तितकाच दोषी असता, कारण तो विश्वास बाळगण्याचा हक्क त्याने कमावलाच नव्हता.

काडतूस भरणाऱ्याचा यावर तयार बचाव असतो: मी माझ्याच जहाजावर बसतो. रायफलच्या दस्त्याला गाल माझाच टेकलेला असतो, मग मी हयगय कशाला करीन? हा युक्तिवाद ऐकायला पक्का वाटतो, पण मला तो पटत नाही. स्वतःचा जीव पणाला लावल्याने विश्वास प्रामाणिक आहे एवढं सिद्ध होतं. तो बरोबर आहे हे नाही. क्लिफर्डचा मालकही प्रामाणिकच होता. शिवाय रेंजवर शेजारच्या बाकावर कुणीतरी बसलेलं असतं, बहुधा तीनचार हातांवर. त्याने या जहाजाचं तिकीट काढलेलं नाही. पुंगळी कितव्यांदा भरली, तराजू कधी जुळवला, मधे फोन आला होता का, यातलं काहीच त्याला ठाऊक नाही. तरी तो कानांवर संरक्षक चढवून शांतपणे बसतो. त्याचा हा भरवसा कुणी मागितलेला नाही आणि कुणी नाकारूही शकत नाही.

या लोकांत एक रिवाज आहे: दुसऱ्याने भरलेलं काडतूस झाडायचं नाही, आपलं दुसऱ्याला द्यायचं नाही. मला वाटलं होतं, ही कोर्टकचेरीची भीती. सहकाऱ्याने सांगितलेलं कारण वेगळं निघालं. दारूचं प्रमाण पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून हळूहळू वाढवत आपल्या रायफलला जुळवलेलं असतं. दुसऱ्या रायफलच्या चेंबरमध्ये तेच प्रमाण जास्त दाब निर्माण करू शकतं. आमच्याकडे 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हा विनोद आहे. इथे तीच नीतीची मर्यादा आहे: माझ्या मशीनवर चालतं, म्हणून तुला देत नाही. आम्ही मात्र 'आहे तसं, कसलीही हमी नाही' असं परवान्यात लिहून जगाला वाटत सुटतो.

या रिवाजाची सगळ्यात अवघड बाजू एखादा भरणारा वारल्यावर समोर येते. फडताळात डबे रचलेले असतात, प्रत्येकावर त्याच्या अक्षरात तारीख, दारूचं नाव, वजन. जाणते लोक मुलाला एकच सल्ला देतात: झाडू नकोस, सगळी काडतुसं उकल, दारू टाकून दे, पितळ हवं तर ठेव. उकलायला हातोडीसारखं एक अवजार असतं. आपटलं की गोळी सुटून बाहेर येते. एकेक काडतूस, डबेच्या डबे. बाप आयुष्यभर काटेकोर होता हे मुलाला माहीत असतं. तरी तो आपटत बसतो.