घाटाखाली गेलेली माणसं

वडगाव मावळात 1779 च्या लढाईच्या ठळक खुणा दोन. एक महादजी शिंद्यांच्या पराक्रमाचा विजयस्तंभ. दुसरी कॅप्टन स्टुअर्टची समाधी. 4 जानेवारीला कार्ल्याजवळ पडलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याला मराठ्यांनीच 'इष्टुर फाकडा' म्हटलं आणि वडगावकर आजही त्याच्यापुढे हात जोडतात. जिंकणारा आठवणीत राहिला, हरणाऱ्यांतला शूरही राहिला. शत्रूच्या गुणाची अशी कदर करणारा मुलूख मला फार मोठ्या मनाचा वाटतो. म्हणूनच तिसरी खूण नसल्याचं जास्त लागतं: या लढाईपायी घरं सोडून गेलेल्या कुटुंबांची.

ती लढाई गावं जाळून जिंकली गेली. डिसेंबर 1778 मध्ये राघोबादादांना घेऊन इंग्रज फौज बोरघाट चढून खंडाळ्याला आली. हजारो बैलांचा तांडा आणि जड तोफा घेऊन ती रखडत 9 जानेवारीला तळेगावला पोचली, तेव्हा तळेगाव जळत होतं. दाणा नाही, वैरण नाही. पुढे पुणंही जाळण्याची मराठ्यांची तयारी असल्याचं कानावर आलं. 11 तारखेच्या रात्री इंग्रज परत फिरले, वडगावला कोंडले गेले आणि तह करून सुटले. शाळेत हे आपण डावपेच म्हणून शिकतो. पण मावळात तोवर भाताची मळणी उरकलेली असते. वर्षाचं धान्य कणगीत आणि पेंढा अंगणात असतो. शत्रूला दाणा मिळू द्यायचा नाही म्हणजे हेच सगळं पेटवायचं. त्याआधी म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या, गाभण जनावरं कुठे गेली असतील? पावसाळ्यापर्यंत त्यांनी काय खाल्लं असेल?

हा प्रश्न आजच्या हळव्या मनाला सुचलेला नाही. तो मावळच्याच इतिहासात या लढाईच्या एकशे सतरा वर्षं आधी विचारला गेला होता. शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला होता, तेव्हा 23 ऑक्टोबर 1662 रोजी शिवाजी महाराजांनी रोहिडखोऱ्याच्या सर्जेराव जेध्यांना पत्र लिहिलं. रोहिडखोरं म्हणजे बारा मावळांपैकीच एक. मोगल येताहेत, तर गावोगाव हिंडून, रात्रीचा दिवस करून रयतेला मुलालेकरांसकट घाटाखाली अवघड जागी पोचवा, असा त्याचा आशय. शेतं राखायला मागे राहतील त्यांनी डोंगरात आसरा धरावा, शत्रू लांबून दिसताच निघून जावं, हेही त्यात सांगितलंय. या कामात हयगय झाली आणि माणसं मोगलांच्या बंदीत गेली, तर ते पाप तुमच्या माथी. महाराजांच्या सगळ्या पत्रांत मला हे सर्वांत मोठं वाटतं. युद्धात पळणाऱ्या कुटुंबाचा भार राज्यकर्त्याच्या माथ्यावर आहे, असं ते स्पष्ट बजावतं. 1779 मध्ये त्याच कुटुंबाचं निघून जाणं युद्धाचं हत्यार झालं. या दोहोंत फार मोठं अंतर आहे.

मराठी ऐतिहासिक कादंबरी मात्र गडावर गेली. 1871 च्या गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून ते नावांतच दिसतं. पारतंत्र्यातल्या समाजाला उभं राहायला वीर हवे होते; हरिभाऊ आपट्यांनी ते दिले आणि ती त्या काळाची खरी गरज होती. पण गडाच्या पायथ्याचं गाव रिकामं कसं झालं, हे सांगायचं राहून गेलं.

पायथ्यावरून युद्ध बघण्याची दृष्टी आधी आली ती एका भिक्षुकाच्या अनुभवातून. वरसईचे विष्णुभट गोडसे चार पैसे मिळवायला उत्तरेत गेले आणि 1857 च्या आगीत सापडले. झाशीची लूट आणि कत्तल त्यांनी जीव मुठीत धरून पाहिली. 1907 मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये युद्ध प्रथमच सामान्य माणसाच्या उंचीवरून दिसलं. मग 1939 मध्ये विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'ने जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यूंना कथेच्या मध्यभागी आणलं. रणभूमी न दाखवता युद्ध दाखवणारी ती कादंबरी आहे. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'मध्ये, 1988 मध्ये, सैन्याबरोबर फरफटलेल्या बायकामुलांचे आणि यात्रेकरूंचे हालही पानोपानी येतात. तरी कथेची दोरी सेनापतींच्याच हाती राहते.

म्हणजे हिटलरपासून पळणारं कुटुंब मराठीला दिसलं आणि नाणे मावळातून, पवन मावळातून पळणारं अजून पुरेसं दिसलं नाही. कारण कागद नाहीत, असं सांगितलं जातं. ते मला पटत नाही. जेध्यांचं पत्र आहे. लढाईच्या तारखा आहेत. कुरवंड्याची वाट आहे. 2 फेब्रुवारी 1661 रोजी मोगल सरदार कारतलबखानाची फौज तिच्यावरूनच उंबरखिंडीत उतरली. लोहगड, विसापूर, राजमाची जागच्या जागी आहेत. कुठल्या महिन्यात ओढ्याला पाणी असतं, कुठल्या रानात कोणता कंद मिळतो, हे सांगणारी म्हातारी माणसं गावांत आहेत. कादंबरीकाराला याहून जास्त सामग्री क्वचितच मिळते.

मावळात लिहिणारी तरुण मुलं आता कमी नाहीत. त्यांना माझी विनंती आहे: महादजींवरची पुढची कादंबरी थोडी थांबू द्या. तळेगाव पेटण्याच्या आदल्या दिवशी कणगी रिकामी करणाऱ्या घरापासून सुरुवात करा आणि त्या माणसांबरोबर घाट उतरा.