गजावरच्या दोन खाचा

जिंतूर तालुक्यातल्या एका गावात एका शेतकऱ्याकडे ठासणीची बंदूक होती. पीकसंरक्षणाच्या रीतसर परवान्याची. रब्बीच्या ज्वारीत दाणा भरला की रानडुकरं रानात शिरत आणि एका रात्रीत उभं पीक आडवं करत. बापलेक आळीपाळीनं जागलीला जात. छर्रे ते घालतच नसत. दारूचं एक माप आणि वर चिंधीचा बोळा, तेवढ्या आवाजानं डुकरं पांगत.

बापाची एक सवय मुलाला खटकायची. बार भरण्याआधी तो बार पेटवणारी टोपी लावलेली नाही ना ते पाही, नळीचं तोंड अंगापासून लांब धरी आणि ठासायचा गज आत सोडी. गजावर त्यानं चाकूनं दोन खाचा पाडल्या होत्या. नळी रिकामी असली की वरची खाच नळीच्या तोंडाशी येई, एक बार भरलेला असला की खालची. दारू ठासून झाल्यावर पुन्हा तेच.

"बा, सकाळी रिकामीच करून ठुली ना? मग सारखं काय बघायचं?"

"बघायला पैसे पडतात का?" एवढंच बाप म्हणे.

एकदा रात्रपाळीची लाईट होती. मुलानं बार भरला, टोपी न लावता बंदूक माळ्यावर ठेवली आणि मोटार चालू करायला विहिरीवर गेला. तेवढ्यात बाप भाकरी घेऊन आला. कुत्री भुंकायला लागली, ज्वारी सळसळली. बापानं बंदूक उचलली. टोपी नव्हती, म्हणजे रिकामी असणार. हात दारूच्या मापाकडे गेला, पण सवयीनं आधी गज आत सोडला. गज खालच्या खाचेवर अडला.

त्यानं माप जागेवर ठेवलं, टोपी चढवली आणि आभाळात बार काढला.

मुलगा धावत आला. "बा, मीच भरून ठुली होती. सांगायचं इसरलो."

"सांगितलं असतंस तरी गज घातलाच असता."

मुलाला ते लागलं. "म्हणजे माझ्या शब्दावर भरवसा नाही?"

"तुझ्यावर हाय. पण तू सांगशील ते तुला आठवतं तेवढं. नळीत काय हाय ते नळीलाच ठावं."

त्या रात्री दुसरं माप आत गेलं असतं तर दाब खूपच वाढू शकला असता. जुन्या नळीचं लोखंड तो सोसेलच असं नाही. नळी फुटलीच तर ती बहुधा बुडाशी फुटते, जिथं माणसाचा चेहरा आणि हात असतात. आणि ही चूक अडाण्याचीच असते असं नाही. अमेरिकेत 1863 साली गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सुमारे 27 हजार बंदुका गोळा झाल्या. त्यातल्या हजारो बंदुकांत एकावर एक दोन बार भरलेले निघाले, काहींत त्याहून जास्त. त्या भरणारे कवायत केलेले शिपाई होते. गदारोळात नुसती टोपी वाजली तरी बार उडाला असं वाटतं, आणि हात पुन्हा भरायला लागतो.

मुलानं पुढं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी भरण्याआधी गज त्यानं स्वतः सोडला.

ज्यांच्या घरी परवान्याची ठासणीची बंदूक आहे, त्यांनी गजावर या दोन खाचा पाडून घ्याव्यात. आणि आधी कोणी काहीही सांगितलेलं असो, ज्याला बार काढायचा आहे त्यानंच स्वतःच्या हातानं गज घालून पाहावा.