आत्ता इथे नसलेले

चैत्रातल्या एखाद्या पहाटे, अजून फटफटलेलं नसताना, आंजर्ल्याची पाखाडी चढायला लागा आणि अर्ध्यावर थांबा. कड्यावरच्या गणपतीपर्यंत आज जायचं नाही. जांभ्याची एखादी रुंद पायरी बघून टेका. दगड गार लागेल, लागू दे. हात मांडीवर मोकळे ठेवा. दुर्बीण आणली असेल तर ती पिशवीतच राहू दे, आणि आज काय काय दिसणार हा प्रश्नही तिच्याबरोबर आत ठेवा.

खाली जोग नदीची खाडी आहे. अजून दिसत नाही, पण आहे. तिच्या अलीकडे माडापोफळीच्या वाड्या, मग सुरूचं बन, मग पुळण, मग समुद्र. दक्षिणेला हर्णैच्या होड्यांचे दिवे आणि पाण्यात सुवर्णदुर्गाचा काळा आकार. सूर्य पाठीमागून, सह्याद्रीकडून येणार, म्हणजे आपल्याला तो उशिराच दिसेल.

चढून आल्यामुळे श्वास थोडा जोरात असेल. त्याला आवरू नका, दोन-चार मिनिटांत तो आपला आपण बसेल. तोवर नुसतं ऐका.

रातवा बोलतो आहे. दगडावर दगड हलकेच आपटत राहावा तसा त्याचा आवाज, एका लयीत. त्याच्यावर मन ठेवा. थोड्या वेळाने वाडीतला दयाळ शीळ घालेल, खालच्या झुडपातून कुकुडकोंबा घुमेल, आणि मग एकदम जाणवेल की रातवा बोलत नाही. कधी थांबला? सांगता येणार नाही. आवाज सुरू झालेला कळतो, थांबलेला कळत नाही. येणाऱ्यांची आपण दखल घेतो. जाणारे तसेच निघून जातात. आजचं आपलं बसणं या जाणाऱ्यांसाठी आहे, आणि जे आत्ता इथे नाहीत त्यांच्यासाठी.

आता उजाडतंय. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा उघडा पडला असेल, त्यावर पांढरी रेघ दिसेल. ती रेघ म्हणजे कुरव. परवापर्यंत शेकड्यांनी होते, आता थोडे राहिलेत. यांतला एकच निवडा आणि दहा श्वास होईपर्यंत त्याच्यावरून नजर हलवू नका. आता हवी तर दुर्बीण काढा. हिवाळा लागताना आला तेव्हा याचं डोकं पांढरं होतं, डोळ्यामागे एक काळपट ठिपका तेवढा. आता तेच डोकं तपकिरी झालंय, कडेला गडद, चोचीकडे फिकट. शेजारच्याचं अजून अर्धवट आहे, पांढऱ्यात तपकिरी पिसं फुटलेली. हा रंग या खाडीसाठी नाही. लडाख-तिबेटकडच्या उंच तळ्यांवर जोडी जमवायची, घरटं घालायचं, त्यासाठीची ही तयारी आहे. हर्णैच्या बंदरावर मासळीच्या टोपल्यांभोवती घिरट्या घालता घालता याच्या अंगावर तिकडचा उन्हाळा उगवून आला. अंगाने तो इथे आहे, रंगाने केव्हाच निघालाय.

असं माणसाचंही होतं. मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी चाकरमानी अंगणात बसलेला असतो, पण त्याचे डोळे बघा.

बघून झालं की नजर सोडून द्या. आठवड्याभराने दांडा रिकामा होईल. ती रिकामी वाळूही कुरवांचीच जागा असते, आश्विन-कार्तिकापर्यंत त्यांच्यासाठी राखलेली.

आता मनाने पुळणीवर उतरा. शरीर पायरीवरच राहू दे. सुरूच्या बाजूला जाळीचं एक कुंपण आहे, आत वाळूवर टोपल्या उपड्या घातल्यात, रांगेने. प्रत्येक टोपलीखाली एका समुद्री कासवीचं घरटं. ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत या किनाऱ्यावर अंडी घालतात, एका खड्ड्यात शंभर-सव्वाशे. पूर्वी कोल्हा, घोरपड, कुत्री ती उकरायची, आणि माणसंही काढून न्यायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला हे काम सुरू केलं, मग ते किनाऱ्याने पसरत गेलं, आणि गावचीच माणसं कासवमित्र झाली. रात्री किनारा पालथा घालायचा, घरटं सापडलं की अंडी जपून कुंपणात आणायची, तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची. मग पंचेचाळीस ते साठ दिवस थांबायचं. उन्हातान्हात, कोणी बघायला येवो न येवो.

एका टोपलीशी बसा. वाळू सपाट आहे. बघत राहा. मध्येच बशीएवढा खळगा पडतो. कोणी हात लावलेला नाही. खाली, हातभर खोल, अंडी फुटून दोन-तीन दिवस झालेत, आणि पिल्लं एकमेकांच्या अंगावरून वर सरकताहेत. वरची वाळू ढासळते, ती पायाखाली जाते, तेवढी सगळी वर येतात. खळग्याच्या तळाशी एक काळं टोक दिसतं. नाक आहे. ते थांबतं. खूप वेळ थांबतं. पापणीवर ओली वाळू चिकटलेली, डोळा अजून मिटलेला. मग खालून कोणी तरी हलतं आणि त्या हलण्याने सगळा खळगा एकदम जिवंत होतो, वाळूच उकळायला लागल्यासारखा. दीड-दोन इंचाचं एकेक पिल्लू, चार वल्ह्यांवर, उजेडाच्या दिशेने.

यांच्या आईने यांना बघितलेलं नाही. बघणारही नाही. एका रात्री ती आली, मागच्या वल्ह्यांनी चंबूसारखा खड्डा खणला, अंडी घातली, वाळू लोटली, अंग आपटून आपटून ती दाबली आणि तासाभरात गेली. कासवी नुसत्या नजरेने पिल्लं वाढवते, हा दाखला आपल्या संतांनी किती वेळा दिलाय. आईची नजर, देवाची कृपा, सगळं त्यात येतं. समुद्रातल्या कासवीचं खरं वागणं समजलं तेव्हा हा दाखला माझ्या हातून निसटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. भरतीच्या रेषेच्या किती वर जायचं, किती खोल खणायचं, वाळू किती घट्ट बसवायची, हे सगळं तिने पाठमोरी राहून केलं, आणि त्यावर ही शंभर पिल्लं तगली. वाळूची ऊब थोडी जास्त राहिली तर माद्या अधिक निघतात, थोडी कमी राहिली तर नर. तेही त्या जागेच्या हवाली. दृष्टीआड गेल्यावरही जी पुरते, तिला मी नजरच म्हणतो.

इथे थोडं थांबा. तुम्ही ज्याला बघितलं नाही आणि ज्याने तुम्हाला बघितलं नाही, असं कोणी तुमच्यासाठी काय काय करून गेलंय, ते मनात येईल तसं येऊ द्या. घरची विहीर. गडगा. अंगणातला माड. नावं नाही आठवली तरी चालेल.

मला इथे माझी एक रात्र सांगायची आहे. पंधराएक वर्षांपूर्वीचा माघ. एका कासवमित्रासोबत मी याच किनाऱ्यावर फिरत होतो. ते पुढे गेलेले, मी मागे. लाटांच्या कडेला एक गोलसर दगड हलला. हललाच. छातीत धडधडलं, आणि विचार करायच्या आत माझ्या हातातली बॅटरी पेटली. उजेड तिच्या तोंडावर पडला. ओले डोळे, पाठीवर वाळू. ती वीसएक पावलं वर आलेली होती. थांबली, आणि वळली. सावकाश, अंग ओढत, परत पाण्यात. ते मागे आले तेव्हा वाळूवर फक्त माग होता. वर गेलेला, वळलेला, खाली आलेला. मध्ये खड्डा नाही.

ते रागावले नाहीत. मागाच्या कडेला उकिडवे बसले, बोटाने वाळू चाचपली आणि म्हणाले, "पोटात अंडी आहेत तिच्या. ओझं घेऊन आली होती, ओझं घेऊन गेली. उद्या येईल, इथं नाही तर पलीकडं. तुम्ही दिवा तेवढा घरी ठेवून येत जा, भाऊ."

पुढच्या तीन रात्री मी अंधारात बसलो. काही आलं नाही. बघण्याची हाव केवढी महाग पडू शकते ते त्या मागाने मला दाखवलं, आणि पहाटेच्या भरतीने तो पुसला तेव्हा मी तिथेच उभा होतो. आजही पुळणीवर कोणी पिल्लांसमोर मोबाइल धरून वाकलं की त्या मागाची वळणारी रेघ माझ्या डोळ्यांपुढे येते.

ती कुठे गेली असेल, या प्रश्नाला आता थोडं उत्तर मिळू लागलंय. २०२२ च्या जानेवारीत कोकणातल्या काही कासवींच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली. आंजर्ल्याच्या एकीचं नाव ठेवलं सावनी. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरला जी कासवी अंडी घालताना सापडली, तिच्या वल्ह्यावर ०३२३३ हा क्रमांक होता. तो २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला. पूर्वेच्या समुद्रातून पश्चिमेच्या समुद्रात. आपण ज्यांना इथली म्हणतो आणि तिथली म्हणतो, त्यांच्या लेखी ही वाळू एकच असावी.

आता डोळे मिटा. ऊन अजून अंगावर आलेलं नाही.

तुम्ही बसलात त्या पायरीखाली, कडेच्या मातीत, पालापाचोळ्याखाली, कोण आहे? काजव्यांच्या अळ्या आहेत. गोगलगायी खाऊन महिनोन्महिने तिथेच वाढताहेत. पाऊस तोंडावर आला की थोड्याच रात्रींसाठी त्यांना पंख मिळतात आणि एखादं झाड पायापासून शेंड्यापर्यंत लुकलुकायला लागतं. आपण ज्याला काजवा म्हणतो तो त्या जिवाच्या आयुष्यातला शेवटचा थोडासा भाग. बाकी सगळं अंधारात, इथे. खाली मळ्यांत, भेगाळलेल्या ढेकळांखाली बेडूक निजलेत. पहिल्या दणक्याच्या पावसात ते हळदीसारखे पिवळे होऊन वर येतील, गळ्याशी निळे फुगे फुगवून रात्रभर ओरडतील. दोन-चार दिवसांत तो रंग उतरतो. नवरंग आगोटीच्या वाऱ्याबरोबर येईल. आधी त्याची दोन सुरांची शीळ, मग पक्षी, आणि बहुतेकदा नुसती शीळच. पऱ्याच्या कडेच्या मातीच्या दरडीत चिमुकला तिबोटी खंड्या बोगदा कोरेल. नदीला लाल पाणी आलं की चढणीचे मासे प्रवाहाच्या उलट शेतात शिरतील.

यातलं बरंचसं आत्ताही या कोरड्या, तापत चाललेल्या मातीत आहे. दिसत नाही एवढंच. हाताचा पंजा मातीवर टेकवा. थोडा वेळ तसाच राहू द्या.

भाद्रपदातलं एक चित्र मात्र मला सोडवत नाही. कातळाच्या सड्यावर फुलं फुललेली असतात आणि वर, डोक्याच्या उंचीवर, पिवळसर चतुर हजारोंनी तरंगत असतात, बसत नाहीत. कितीतरी वर्षं मी त्यांना इथलेच समजत होतो. चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मालदीवमधल्या नोंदींवरून मांडलं की हे चतुर भारतातून समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात, आणि परत येतात त्या त्यांच्या पुढच्या पिढ्या असतात. गेलेला एकही परतत नाही. तरी पावसाबरोबर चतुर येतातच. या वाक्याशी जेवढं बसवेल तेवढं बसा.

डोळे उघडा. ऊन आता माडांच्या शेंड्यांवर आलं असेल. वाड्यांकडे बघताना मध्ये मध्ये आभाळ जास्त दिसेल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्याने पाडलेल्या जागा आहेत त्या. पोफळी एका दिवसात आडव्या झाल्या. माझ्या ओळखीच्या एका वाडीमागे थोराड आंबा होता, त्यावर समुद्रगरुडाचं घरटं. दर आश्विनात जोडी यायची, जुन्या काटक्यांवर नव्या रचायची. खाली फाट्यांचा नि माशांच्या काट्यांचा सडा. आंबा मुळासकट गेला. त्या आश्विनात जोडी आली. आंबा होता त्या जागेवर, रिकाम्या हवेत, घिरट्या घालत राहिली. वाडीतल्या आजी पडवीतून बघत होत्या. त्यांच्याही तीनशे पोफळी गेलेल्या. म्हणाल्या, "त्यांचं नि माझं एकच झालं बघ." पुढच्या वर्षी जोडीने खाडीपलीकडच्या झाडावर काटक्या नेल्या. आजींनी रोपं लावली. आंब्याची जागा अजून मोकळीच आहे, आणि अजूनही वर बघताना माझी मान आपोआप तिथेच थांबते.

उठायच्या आधी एकच. पाखाडीच्या वरच्या अंगाला जुना बेहडा आहे. जवळ जाऊ नका, इथूनच बघा. खोडाच्या ढोलीचं तोंड लिंपून टाकलंय, मध्ये बोटभर रुंदीची उभी फट. आत धनेशाची मादी आहे. फाल्गुनात स्वतःला आत कोंडून घेतलं तिने. उडायची पिसंही गाळून टाकली असतील. पिल्लं मोठी होईपर्यंत ती कोणाला दिसणार नाही. बाहेर नुसतं झाड.

थांबा. श्वास मोजू नका.

पंखांचा आवाज आधी येतो, कोणी घोंगडी झटकावी तसा. नर खोडाला नखं रुतवून बसतो, मान उंचावतो, आणि गळ्यातून एक उंबर चोचीच्या टोकाशी येतं. तो ते फटीशी धरतो. आतून एका चोचीचं टोक पुढे येतं, उंबर घेतं, आत जातं. पुन्हा एक उंबर. पुन्हा ते टोक. मग तो उडून जातो आणि फट काळी होते.